हत्तीरोग: ‘पाय तर चांगले आहेत, मग गोळ्या कशाला?’

हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन आशाताई दारात आल्या की पूर्व विदर्भातल्या गावांत हे उत्तर हमखास मिळते. दुसरे उत्तर, “ठेवून जा, जेवल्यावर घेऊ.” मग ती पुडी फळीवरच राहते. म्हणूनच गोळ्या समोर गिळायला सांगतात.

चिखलात चालल्याने पाय सुजतो, हा रोग घराण्यातच असतो, कुणी करणी केली, असे अजूनही बोलले जाते. अंडवृद्धी म्हणजे हायड्रोसिल झाला तर दोष जड ओझ्याला. खरे कारण क्युलेक्स डास. तो नालीत, सांडपाण्याच्या डबक्यात, संडासाच्या टाकीत वाढतो आणि रात्री चावतो. एकाच्या रक्तातले बारीक जंतू उचलून दुसऱ्याला देतो. मोठे जंत शरीरात ६ ते ८ वर्षे जगतात, पाय सुजायला तर कित्येक वर्षे लागतात. तोवर माणूस धडधाकट दिसतो, शेतात राबतो, आणि त्याच्याकडून रोग पसरत राहतो. गोळी आहे ती अशाच माणसासाठी. हे जंतू रात्री रक्तात उतरतात, म्हणून तपासणीचे पथकही रात्रीच येते. लोक मात्र “रात्रीचं रक्त कशाला काढता?” म्हणून भांडतात.

गोळी घेतल्यावर मळमळ, चक्कर, ताप आला की गोळीच खराब ठरते आणि व्हॉट्सॲपवर बातमी फिरते. अंगात जंतू असले तर ते मरताना हा त्रास होतो, बहुधा एक-दोन दिवसांत थांबतो. जास्त वाटल्यास आरोग्य केंद्रात जावे. मूल होत नाही ही निव्वळ अफवा.

डीईसी आणि अल्बेंडाझोल या जुन्या गोळ्या. आयव्हरमेक्टिन धरून तीन औषधांची मोहीम राज्यात २०१९ साली नागपूर जिल्ह्यात सुरू झाली. डीईसी वयानुसार, १५ वर्षांवरील माणसाला ३ गोळ्या. आयव्हरमेक्टिन उंची मोजून. अल्बेंडाझोल चावून खायची. उपाशीपोटी काहीच घ्यायचे नाही. २ वर्षांखालील मुले, गरोदर बाई आणि गंभीर आजारी माणसाला गोळ्या देत नाहीत.

धूर फवारणीची मागणी ग्रामसभेत दरवेळी होते, पण टाकीच्या व्हेंट पाईपला जाळी बांधायला कुणी सांगत नाही. धुराने उडते डास मरतात, टाकीतले राहतात.

सुजलेला पाय गोळीने पूर्ववत होत नाही. तो रोज साबणाने धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसून, बसताना उंचावर ठेवायचा. हायड्रोसिल ऑपरेशनने बरा होतो.