वांचविणारांस वांचविण्याची विद्या

धाराशिव जिल्ह्यांतील परंड्याचा भुईकोट किल्ला ज्यांनीं पाहिला नसेल, त्यांनींही विजापूरच्या मुलूख-मैदान तोफेचें नांव ऐकलें असेलच. ही तोफ मूळची निजामशाहींतील. १५४९ सालीं अहमदनगरास महंमद बिन हसन रूमी ह्या कारागिरानें ती ओतली. पुढें ती परंड्याच्या किल्ल्यावर होती, आणि १६३२ सालीं मुरार जगदेवानें ती तेथून विजापुरास नेली. विजापुरास ज्या शेरझा बुरुजावर ती आहे, तेथें तिच्या बाजूस पाण्याचा एक हौद आहे. बत्ती दिल्याबरोबर गोलंदाजानें ह्या हौदांत डोकें बुडवावयाचें, म्हणजे आवाजाच्या धक्क्यापासून त्याचा बचाव होई, असें सांगतात. गोष्ट खरी असो वा मागाहून रचलेली असो, तिच्या मुळाशीं असलेला विचार आम्हांस फार मोलाचा वाटतो. ज्यानें अग्नीशीं अगदीं जवळून काम करावयाचें, त्याच्या जिवाची तरतूद काम सुरू होण्यापूर्वींच, आणि त्याच्या हाताशीं, करून ठेविली पाहिजे. प्रवाशांची नजर तोफेच्या सिंहमुखावर खिळून राहते. आमचें चित्त मात्र त्या हौदाकडे लागतें.

तोफ गेल्यावर दोनच वर्षांच्या आंत परंड्यावर मोठा प्रसंग आला. १६३४ सालीं शहाजादा शुजा व महाबतखान ह्यांनीं किल्ल्यास वेढा घातला आणि तटाखालीं सुरुंग खणविले. किल्ला पडला नाहीं. दाणावैरणीचे हाल, सरदारांतील बेबनाव आणि तोंडावर आलेला पावसाळा ह्यांमुळें मोंगलांस वेढा उठवावा लागला, व त्याच वर्षीं महाबतखान वारला. हा इतिहास सर्वांच्या वाचनांतील आहे. परंतु सुरुंग म्हणजे काय, ह्याचा विचार वाचणारा सहसा करीत नाहीं. अंधार, कोंदलेली हवा, डोक्यावर कच्ची माती आणि पुढें दारू! अशा भुयारांत एखादा बेलदार गुदमरून पडला, तर त्यास ओढून आणावयास कोण जाई, कोणत्या दोरीनें, कोणाच्या हुकुमानें? तवारिखा खानांची नांवनिशी ठेवितात, बेलदारांची ठेवीत नाहींत.

आजच्या काळीं त्या बेलदाराची जागा शहरांतील बंबवाल्यानें घेतली आहे. दुसऱ्यास वांचविण्यासाठीं तो धुरांत शिरतो, हें आपण सर्व जाणतों आणि त्याची वाहवाही करितों. पण तोच आंत पडला तर काय, ह्या प्रश्नाचें व्यवस्थित उत्तर देण्यास जगास जवळ जवळ पावणेदोनशें वर्षें लागलीं. तें उत्तर एखाद्या यंत्रांत सांपडेल अशी पुष्कळांची समजूत असते. आमच्या मतें यंत्रें दुय्यम होत. खरें उत्तर दारांत ठेवलेल्या हिशेबांत आहे: आंत कोण गेला, केव्हां गेला, त्याची हवा किती वेळ पुरेल, आणि त्यास आणावयास बाहेर कोण मोकळा उभा आहे.

ह्या विद्येचा आरंभ जेम्स ब्रेडवुड ह्याच्यापासून धरण्यास हरकत नाहीं. १८२४ सालीं एडिंबरो शहराचें अग्निशामक दल त्यानें उभारलें, आणि पुढें १८३३ पासून तो लंडनच्या दलाचा प्रमुख झाला. घराबाहेर उभें राहून पाण्याची धार मारणें त्यास मान्य नव्हतें. आंत शिरून आगीचें मूळ गांठावें, पण एकट्यानें कधींही शिरूं नये, जोडीदार बरोबर असावाच, असा त्याचा दंडक होता. धुरांत चालावयाचें तर ओणव्यानें, जमिनीशीं तोंड नेऊन, कारण जमिनीलगत थोडी स्वच्छ हवा शिल्लक राहते, हेंही तो शिकवी. असा हा जपून चालणारा पुरुष! २२ जून १८६१ रोजीं लंडनच्या टूली स्ट्रीटवरील वखारींच्या आगींत भिंत कोसळून तिच्याखालीं तो सांपडला, आणि त्याचें शव बाहेर काढावयास दोन दिवस लागले. पडत्या भिंतीपुढें जोडीदाराचा नियम व्यर्थ आहे, हा धडा त्या दिवशीं मिळाला. तो पुरता शिकला गेला असें म्हणवत नाहीं.

श्वासाच्या यंत्रांची कथा थोडक्यांत सांगतों. पॅरिसच्या कर्नल पॉलिन ह्यानें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत नळीनें बाहेरची हवा पुरविणारा चामडी अंगरखा काढला. १८८० च्या सुमारास हेन्री फ्लूस ह्या इंग्रजानें प्राणवायूची नळकांडी पाठीवर वाहून नेण्याची युक्ति सिद्ध केली. कोळशाच्या खाणींत सांपडलेल्यांस सोडविणाऱ्या तुकड्यांनीं हीं साधनें आधीं वापरलीं, व तेथून तीं बंबवाल्यांकडे आलीं. ह्यांपैकीं एकाची हकीकत मात्र विस्तारानें सांगण्याजोगी आहे. अमेरिकेंतील क्लीव्हलंड येथें एरी सरोवराच्या तळाखालून पाण्याचा बोगदा चालला होता. तेथें २४ जुलै १९१६ रोजीं स्फोट झाला. आंत अडकलेल्यांच्या शोधास एक तुकडी गेली, ती परतली नाहीं. मग दुसरी गेली, तीही बहुतेक आंतच राहिली. तेव्हां गॅरेट मॉर्गन ह्या कृष्णवर्णीय कारागिरास मध्यरात्रीं बोलावणें गेलें. त्यानें स्वतः काढलेली एक टोपी होती. तिच्या लांब नळ्या जमिनीपर्यंत लोंबत, म्हणजे ब्रेडवुडचा ओणवें चालण्याचा नियमच जणूं त्यानें कापडांत शिवला होता. ती घालून तो व त्याचा भाऊ बोगद्यांत उतरले आणि त्यांनीं दोन माणसें जिवंत आणिलीं. नंतर मानसन्मान वाटतांना त्याचा रंग आड आला व त्याची उपेक्षा झाली, हेंही येथें नमूद केलेलें बरें.

क्लीव्हलंडच्या त्या दोन तुकड्यांचें जें झालें, तेंच आपल्याकडे विहिरींत होतें. परंड्याच्या मुलुखांत विहिरींवांचून शेती नाहीं. गाळ काढावयास किंवा पंप दुरुस्त करावयास एक गडी जुन्या, फार दिवस न उपसलेल्या विहिरींत उतरतो आणि भोंवळ येऊन पडतो. त्याचा भाऊ हांक मारतो, उत्तर येत नाहीं, तोही उतरतो. मग बाप, मग शेजारी. अशा बातम्या महाराष्ट्रांतील वृत्तपत्रांत वारंवार येतात. येथें एक भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. घराच्या धुरांत बरी हवा खालीं असते. विहिरींत विषारी वायु हवेपेक्षां जड असल्यानें तळाशीं बसतो. म्हणून धुरांत जो वांकला तो वांचतो, विहिरींत जो वांकला तो जातो. पहिल्याच माणसाच्या कमरेला दोरी असती व तिचें दुसरें टोंक काठावर दोन माणसांच्या हातीं असतें, तर दुसऱ्यास उतरण्याचें कारणच पडतें ना.

आतां मुंबईकडे वळूं. १४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया गोदींत फोर्ट स्टिकीन नांवाचें जहाज लागलें होतें. त्यांत सुमारें १४०० टन दारूगोळा होता, व कराचीस कापसाचे गठ्ठेही भरलेले होते. दुपारीं कापूस पेटला. बंबवाले धांवले, कित्येक तास नव्हे, जेमतेम दोन तास ते जहाजाच्या पोटांत पाणी ओतीत होते, पण धार आगीच्या मुळापर्यंत पोंचेना. जहाज जागींच बुडवावें, कीं गोदीबाहेर ओढून न्यावें, ह्याबद्दल तेथें जमलेल्या अधिकाऱ्यांचे सल्ले निरनिराळे होते, आणि सर्वांस बांधील असा एकाचा हुकूम सुटला नाहीं. दारूगोळा असल्याचें दर्शविणारें तांबडें निशाणही जहाजावर नव्हतें. चार वाजून सहा मिनिटांनीं पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आंत दुसरा. शेंकडों लोक मेले. त्यांत ६६ बंबवाले होते. त्यांना ओढून आणावयास कोणती दोरी, कोणता मुखवटा उपयोगी पडला असता? कांहींच नाहीं. तेथें त्यांना वांचवूं शकेल अशी एकच वस्तु होती, ती म्हणजे दुपारीं अडीच-तीन वाजतां ‘मागें या’ असा हुकूम. हा हुकूम देणें हीही सुटकेच्या विद्येचीच एक शाखा आहे, आणि आमच्या मतें सर्वांत अवघड शाखा.

लंडनच्या स्मिथफील्ड येथील मांसबाजाराच्या तळघरांत २३ जानेवारी १९५८ रोजीं आग लागली. खालीं भुयारांचें जाळें, वर दाट धूर. दोन बंबवाले आंत वाट चुकले व पाठीवरचा प्राणवायु संपून गुदमरून मेले. यंत्र बिघडलें नव्हतें. तें किती वेळ चालेल ह्याचा हिशेब बाहेर कोणी ठेवीत नव्हता. ह्या दोन मृत्यूंनंतर इंग्लंडांत दाराशीं फळा ठेवण्याची पद्धति पक्की झाली. आंत जाणाऱ्यानें आपल्या नांवाचा बिल्ला फळ्यावर लावावयाचा. फळ्यापाशीं बसलेल्यानें जाण्याची वेळ व नळकांड्यांतील दाब लिहून, त्यानें केव्हां परतलें पाहिजे हें आधींच मांडून ठेवावयाचें. हवा संपत आली कीं यंत्रांतून शिट्टी वाजूं लागते. हा फळेवाला आगीवर पाण्याचा थेंब टाकीत नाहीं. बघ्यांस तो रिकामटेकडा दिसतो. परंतु आंतील प्रत्येकाचा श्वास त्याच्या खडूच्या टोंकावर असतो.

पुढें साधनांची भर पडत गेली. छातीवर एक लहानशी डबी आली. मनुष्य सुमारें अर्धा मिनिट निश्चळ राहिला कीं ती आपोआप कर्कश ओरडूं लागते, म्हणजे दिसत नसतांही आवाजाच्या रोखानें त्यास गांठतां येतें. सोडवावयास जाणारी तुकडी बरोबर भरलेलें नळकांडें व मुखवटा नेते, कारण पडलेल्यास उचलण्यापूर्वीं त्यास हवा देणें जरूर. ती पुरली तर बाकीच्या गोष्टी सावकाश होऊं शकतात. ओढतांना अंगावरचे पट्टे डोक्यावरून निसटूं नयेत म्हणून कमरेचा पट्टा सोडून दोन्ही पायांमधून घेऊन पुन्हा अडकवितात. ह्या प्रत्येक युक्तीमागें कोणाचा तरी मृत्यु आहे. १९८७ सालीं अमेरिकेंतील कोलंबस शहरांत जमीन खचून एक जण तळघरांत पडला. वर त्याचे साथी होते, दोर होता, पण त्यास भोंकांतून वर घेतां आलें नाहीं. तेव्हांपासून दोराच्या दोन फांसांत दोन्ही मनगटें अडकवून वर ओढण्याची तालीम देतात. १९९२ सालीं डेन्व्हर येथें दुसरा एक जण चिंचोळ्या खोलींत, उंच खिडकीच्या आंतल्या बाजूस पडला होता. जागा इतकी अरुंद कीं दोघांस शेजारीं उभें राहवेना. खिडकी हाताशीं असून त्यास बाहेर काढतां आलें नाहीं. आतां नेमकी तेवढ्याच मापाची लांकडी खोली बांधून तींत शिकवितात: एकानें पडलेल्याच्या डोक्याकडे, एकानें पायांकडे राहावयाचें, आणि गुडघ्याचा जिना करून त्यावरून शरीर खिडकींत सरकवावयाचें.

तथापि हीं सर्व साधनें हातीं असूनही काय घडतें तें पाहा. ३ डिसेंबर १९९९ रोजीं वुस्टर शहरांतील एका ओस पडलेल्या शीतगृहांत दोन बंबवाले आंत चुकले. इमारत जवळ जवळ बिनखिडक्यांची. त्यांच्या शोधास गेलेल्यांपैकीं चौघे परतले नाहींत. बाहेर आणखी किती तरी जण आंत जावयास तडफडत होते; तेव्हां मायकेल मॅकनॅमी हा अधिकारी दारांत आडवा राहिला व आतां कोणीही जाणार नाहीं असें त्यानें ठरविलें. सहा जण आंत होते आणि त्यानें दार अडविलें! त्यास क्रूर म्हणावयाचें कीं काय? त्या दिवशीं आणखी मृत्यु झाले नाहींत ते ह्या एका माणसामुळें, असें आम्ही म्हणतों. दोन वर्षांनीं फिनिक्स शहरांत एका दुकानाच्या आगींत एक बंबवाला गेला, तेव्हां तेथील दलानें मुद्दाम तालमी घेऊन मोजमाप केलें. पडलेल्या एकास बाहेर आणावयास सुमारें १२ माणसें व २० मिनिटें लागतात, आणि सोडवावयास गेलेल्या दर पांचांतील एक स्वतःच संकटांत पडतो, असें आढळलें. पाठीवरची हवा श्रमांत तेवढा वेळही पुरत नाहीं. दोघे आंत तर दोघे बाहेर तयार असावेत हा अमेरिकेंतील नियम ह्या हिशेबापुढें किती तोकडा आहे, हें सांगावयास नकोच.

आमच्या मुंबईस ह्याचा कटु अनुभव ९ मे २०१५ रोजीं पुन्हा आला. काळबादेवी रस्त्यावरील गोकुळ नांवाच्या जुन्या, लांकडी बांधणीच्या इमारतीस आग लागली. रहिवासी बाहेर काढले गेले. नंतर आगीशीं झुंज चालली असतां इमारत कोसळली, व संजय राणे आणि महेंद्र देसाई हे दोन अधिकारी ढिगाऱ्याखालीं गेले. भाजलेले सुधीर अमीन कांहीं दिवसांनीं वारले. दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर ह्यांनीं २४ मे रोजीं देह ठेविला. चौघेही अधिकारी, आणि चौथा तर सर्वांचा मुख्य. सेनापतीनें आघाडीस असावें हें आपल्या लोकांस फार आवडतें, आणि ह्या चौघांच्या धैर्यापुढें मान लवतेच. परंतु सर्वांत अनुभवी डोळा दाराबाहेर, भिंतीच्या तड्यांकडे व हातांतील घड्याळाकडे लागलेला असावा, हें ब्रेडवुडच्या मरणापासून चालत आलेलें म्हणणें आहे. जुन्या लांकडी वाड्यांस हें विशेषच लागू पडतें. तुळई आंतून किती जळली हें बाहेरून कळत नाहीं, आणि वरच्या मजल्यांवर पाण्याचें ओझें तर मिनिटागणिक वाढत असतें.

दरसाल १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून देशभर पाळतात. त्या दिवसापासून आठवडाभर लोकांस बंब, शिड्या व उंचावरून उड्या झेलण्याच्या कसरती दाखविण्यांत येतात. शाळेंतील मुलें तेथें मोठ्या हौसेनें जातात. आमच्या वाचकांपैकीं कोणी मुलांस घेऊन गेले, तर त्यांनीं शिडीवरच्या माणसाकडे पाहून झाल्यावर क्षणभर दाराशीं फळा घेऊन बसलेला कोणी आहे कीं नाहीं, हें शोधावें. आणि असल्यास मुलास जवळ नेऊन, त्या फळ्यावर काय लिहिलें आहे तें त्याच्याकडूनच समजून घ्यावें.