रायगड : व्यासपीठावरून पायवाटेकडे

१८१८ मध्ये इंग्रजी तोफांच्या माऱ्याने रायगडावरचे वाडे जळाले आणि शिवरायांची जुनी राजधानी ओस पडली. १८८३ मध्ये जेम्स डग्लस या इंग्रज लेखकाने गडावरील शिवरायांच्या समाधीच्या दुरवस्थेवर लिहिले, तेव्हा मराठी समाजाला ते लागले. १८९५ मध्ये पुण्यात हिराबागेत सभा भरली, लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून निधी उभारला आणि एप्रिल १८९६ मध्ये गडावर पहिला मोठा उत्सव झाला. महाराष्ट्रात इतिहास ऐकायला लोक गडावर जाऊ लागले ते प्रामुख्याने येथून.

पुढे गडावर इतिहास सांगण्याची ही धुरा अभ्यासकांनी वाहिली. गो. नी. दांडेकरांनी तरुणांना गडवाटांवर नेले. निनाद बेडेकरांची मोडी आणि फारसी कागदपत्रांवर बेतलेली व्याख्याने सभागृहांत रंगत. तेच विवेचन ते गडावर, प्रत्यक्ष तटाशेजारी उभे राहून करत. असे विवेचन का हवे, हे कळण्यासाठी रायगडावरच्या जगदीश्वराच्या मंदिराची एक पायरी पाहावी. तिच्यावर हिरोजी इंदुलकरांचे नाव कोरलेले आहे. गड बांधणाऱ्याने आपले नाव भाविकांच्या पायाखाली ठेवले, हे सांगणारा सोबत नसेल तर पर्यटक तीच पायरी ओलांडून पुढे जातो.

१९९६ मध्ये रोपवे झाला, चढण वाचली आणि गर्दी वाढली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून गौरवलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत रायगड आहे. येणाऱ्यांना अशा पायरीचा अर्थ कळावा म्हणून आता गडावर जाणकार, प्रशिक्षित वाटाड्यांची नेमणूक ही पहिली निकड आहे.