पैठणच्या गाड्या आणि उत्तर किनाऱ्याची बंदरे

परभणी जिल्ह्याला समुद्र नाही. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड या भागांतून वाहणारी गोदावरीही पूर्वेकडे जाते. त्यामुळे पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांचा इतिहास हा कोकण-गुजरातचा विषय, असे मराठवाड्यात सहसा गृहीत धरले जाते. हे गृहीत तपासण्याजोगे आहे.

इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ म्हणजे व्यापारी जहाजांसाठीची वाटाड्याची वही. त्याच्या अज्ञात लेखकाने किनारा उत्तरेकडून दक्षिणेकडे क्रमाने दिला आहे. आधी बॅरिगाझा, म्हणजे भडोच. तिथल्या खाडीत उथळ वाळूचे बांध आणि भरतीचा प्रचंड लोंढा. म्हणून राजाच्या चाकरीतले कोळी लांब होड्या घेऊन थेट सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात आणि जहाजे आत आणत. पुढे सुप्पारा (सोपारा), कॅलिएना (कल्याण), सेमुल्ला (चौल). या यादीच्या आधी लेखक घाटावर वळतो आणि दक्षिणापथातील दोन बाजारपेठा सांगतो : भडोचहून दक्षिणेला २० दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला १० दिवसांवर तगर. पैठणचे गोमेदासारखे दगड आणि तगरचे कापड, मलमल गाड्यांत भरून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जाई.

तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर, हे फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडले. तेर पैठणच्या पूर्वेला नसून आग्नेयेला आहे, हा त्यावरचा एक आक्षेप. पण नकाशा पाहिला तर पैठणही भडोचच्या नेमके दक्षिणेला नाही. तेही आग्नेयेलाच आहे. दिशा दोन्हीकडे ढोबळ आहेत. अंतरे मात्र जुळतात. सरळ रेषेत भडोच-पैठण सुमारे ३५० किलोमीटर, पैठण-तेर सुमारे १५०. म्हणजे दिवसाला अनुक्रमे १७ आणि १५ किलोमीटर. भरलेल्या बैलगाडीची चाल याहून फार वेगळी नसते.

आता खरा प्रश्न. पैठणहून कल्याण सरळ रेषेत २४० किलोमीटरच्या आत आहे. त्याच चालीने ही १४ दिवसांची वाट. सातवाहनांचा नाणेघाट त्याच दिशेला, घाटात नागनिकेचा लेख. मग गाड्या ६ दिवस जास्त चालून भडोचला का जात होत्या?

उत्तराचा धागा ‘पेरिप्लस’मध्येच आहे. थोरल्या सरगनोसच्या काळात कल्याण ही अधिकृत बाजारपेठ होती. पुढे संदनेसच्या ताब्यात गेल्यावर वाट अडली आणि तिथे चुकून लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. सरगनोस हा सातकर्णी असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. भडोच क्षहरातांकडे होते. सातवाहन आणि क्षहरात यांच्या झगड्यात जवळचे बंदर बंद पडले. भडोचला वाटाडे होते, मोठी पेठ होती, हेही कारण असेल. पण ते ६ दिवस केवळ सोयीचे नव्हते.

पुढे गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव केला. १९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगलटेंभीला नहपानाची १३,००० वर चांदीची नाणी सापडली; त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उमटवला होता.

या साऱ्यात परभणीचे नाव कुठेही नाही आणि ते ओढूनताणून आणू नये. पैठणखालच्या गोदाकाठचा कापूस तगरच्या मागांवर गेला, असे म्हणण्याजोगा पुरावा आज हाती नाही. पण तेरला हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या १९७३ मधील उत्खननातही मिळाली आणि त्याच घडणीची मूर्ती इ. स. ७९ मध्ये राखेखाली गडप झालेल्या पाँपेईत १९३८ मध्ये निघाली. एवढा पुरावा एक गोष्ट सांगायला पुरेसा आहे : मराठवाडा तेव्हा कोपऱ्यात पडलेला मुलूख नव्हता. बंदरांची यादी किनाऱ्यावर संपत असेल; त्यांचा माल मात्र घाटावरच्या मागांवरून आणि बैलांच्या खांद्यांवरून येत होता. तो हिशेब मांडण्याचे काम समुद्र नसलेल्या जिल्ह्यांचेच आहे.