धुराची भाषा

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातले ऊसतोड मजूर बिऱ्हाड घेऊन कारखान्यांकडे निघतात. अशा वेळी भरलेली पिकअप धारूरच्या घाटात धापा टाकू लागली, तर खोळंबा एका गाडीचा नसतो. उचल फेडायला निघालेल्या माणसांचा असतो.

रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये जर्मनीत यशस्वी करून दाखवलेल्या इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेटते. म्हणून गाडी ओढेनाशी झाली की जुने मिस्त्री आधी धूर पाहत. काळा धूर म्हणजे हवा अपुरी. एअर फिल्टर चोंदलेला किंवा टर्बोचा पाइप फाटलेला. निळा म्हणजे ऑइल जळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा असेल, तर नोझल, पंपाचे टायमिंग किंवा हेड गॅस्केट पाहायचे. धूरही नाही आणि ओढही नाही, तर बहुधा डिझेल फिल्टर तुंबलेला किंवा नळीत हवा शिरलेली.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली. नव्या गाड्यांतली काजळीची गाळणी काळा धूर बाहेर येऊच देत नाही. ती स्वतः भरली, तरी ओढ कमी होते. आता स्कॅनर लावतात. तो दोषाचा क्रमांक सांगतो; कारण मिस्त्रीलाच शोधावे लागते. क्रमही जुनाच: आधी हवा, मग इंधन, इंजिन उघडणे सर्वांत शेवटी.