सशाच्या वाटा आणि शास्त्रज्ञांचा आलेख

परिस्थितिविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत एक आलेख हमखास भेटतो. कॅनडातील ससे आणि त्यांना खाणारा लिंक्स हा मार्जारकुळातील प्राणी, यांच्या संख्येच्या दोन रेषा सुमारे दर दहा वर्षांनी चढतात आणि कोसळतात. भक्ष्य व भक्षक यांचा संबंध शिकवताना आपण तो फळ्यावर काढतो आणि पुढे जातो. पण शंभर-दीडशे वर्षांपूर्वी त्या निर्मनुष्य जंगलात ससे मोजले कोणी, हा प्रश्न वर्गात सहसा विचारला जात नाही. खरे तर ते कोणी मोजलेच नव्हते. ते पकडले गेले होते. म्हणून या आलेखाची कथा ससा कोठे सापडतो हे जाणणाऱ्या माणसांपासून सुरू होते.

हा ससा म्हणजे स्नोशू हेअर. शास्त्रीय नाव लेपस अमेरिकानस. आपल्या माळरानावरचा ससा त्याच्याच प्रजातीतला, लेपस नायग्रिकॉलिस. स्नोशू हेअरचे मागचे पाय रुंद व केसाळ असतात, त्यामुळे तो भुसभुशीत बर्फात रुतत नाही. दिवस लहान होऊ लागले की त्याचा तपकिरी रंग जाऊन पांढरा येतो. हा ससा बीळ खणत नाही. दाट झुडपांचा आडोसा हेच त्याचे घर. साहजिकच उंच, जुन्या, तळाशी मोकळ्या जंगलात तो फारसा आढळत नाही. वणवा लागून गेल्यावर दहा-वीस वर्षांनी दाटीने वाढलेली कोवळी झाडी, ओढ्याकाठची विलो आणि आल्डरची गचपणे, स्प्रूसच्या जमिनीला टेकलेल्या फांद्या ही त्याची ठिकाणे. तेथे अन्नही असते आणि लपायला जागाही.

क्री, ओजिब्वे, डेने या तेथील मूळ रहिवाशांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. त्यांच्या खुणा नेमक्या होत्या. ससा डहाळी तिरकी, सुरीने कापावी तशी तोडतो. मूस या मोठ्या हरणाला वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे त्याने खाल्लेल्या डहाळीचे टोक फाटलेले दिसते. ससा रोज त्याच वाटांनी ये-जा करतो आणि बर्फात त्या वाटा पायवाटेसारख्या घट्ट होतात. अशा वाटेवर दोन झुडपांच्या मधल्या अरुंद जागी फास लावायचा. पूर्वी तो दोरीचा किंवा स्नायुतंतूंचा असे, व्यापारी आल्यावर पितळी तारेचा झाला. काही फास वाकवलेल्या फांदीला बांधत. ससा अडकला की फांदी उसळून त्याला वर उचले, म्हणजे कोल्हा किंवा लिंक्स तो पळवत नसे. हे काम बहुधा स्त्रिया आणि मुले करीत.

ही हौसेची शिकार नव्हती. मोठी हरणे न मिळालेल्या हिवाळ्यात ससा आणि मासे यांवरच कुटुंब तगत असे. सशाच्या कातड्याच्या पट्ट्या विणून पांघरुणे व अंगरखे करीत. ग्रेट बेअर सरोवराच्या परिसरातील एका डेने समाजाला तर युरोपीय लोकांनी ‘हेअर’ हेच नाव दिले. ससे नाहीसे झाले की उपासमार येई, आणि व्यापारी ठाण्यांच्या रोजनिश्यांत तिच्या नोंदी आहेत.

ही ठाणी हडसन बे कंपनीची. इ. स. १६७० मध्ये स्थापन झालेली ही कंपनी कातडी विकत घेई आणि हिशेब चोख ठेवी. विसाव्या शतकाच्या आरंभी अर्नेस्ट थॉम्पसन सीटन आणि गॉर्डन हेविट यांनी या आकड्यांतील चढउतार प्रसिद्ध केले. हेविट यांचे पुस्तक ऑक्सफर्डच्या चार्ल्स एल्टन या तरुण प्राणिशास्त्रज्ञाच्या हाती पडले. एल्टन यांनी १९२४ मध्ये प्राणिसंख्येच्या चक्रांवर लेख लिहिला आणि पुढे काही वर्षे ते कंपनीचे सल्लागार होते. १९३१ पासून १९४८ पर्यंत कॅनडाभर प्रश्नावल्या पाठवण्यात आल्या. यंदा ससे गेल्या वर्षीपेक्षा जास्त आहेत की कमी, एवढाच मुख्य प्रश्न. उत्तरे अर्थातच जंगलात वावरणाऱ्यांची. पुस्तकांतला प्रसिद्ध आलेख मॅक्‌लुलिक यांच्या १९३७ च्या ग्रंथातून आला.

मात्र येथे एक अडचण होती. भक्ष्य वाढल्यानंतर भक्षक वाढावा, म्हणजे लिंक्सचे शिखर सशांच्या शिखरानंतर यावे. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील काही चक्रांत ते आधीच येते! १९७३ मध्ये मायकेल गिल्पिन यांनी हे आकडे गणिती सूत्रांत घालून पाहिले आणि ‘ससे लिंक्सना खातात का?’ अशा मिश्किल मथळ्याचा शोधनिबंध लिहिला. दोष सशांचा नव्हता, आकड्यांचा होता. सशांचे आकडे मुख्यत्वे हडसन उपसागराच्या आसपासचे, तर लिंक्सचे बऱ्याच मोठ्या प्रदेशातले. आणि सगळीकडे शिखर एकाच वर्षी येत नाही. शिवाय कातडे ठाण्यावर पोचणे हे भावावर, अंतरावर आणि माणसांच्या गरजेवर अवलंबून. कातड्यांची संख्या म्हणजे प्राण्यांची संख्या नव्हे.

मग शास्त्रज्ञांना जंगलातच जावे लागले. अलास्कात काम करणाऱ्या जेरी वुल्फ यांनी १९८० मध्ये दाखवले की मंदीच्या वर्षांत ससे फक्त सर्वांत दाट झाडीत तग धरतात आणि संख्या वाढली की विरळ भागांत पसरतात. युकॉन प्रांतात क्लुआनी येथे चार्ल्स क्रेब्स व सहकाऱ्यांनी १९८६ पासून दहा वर्षे मोठा प्रयोग केला. एकेक चौरस किलोमीटरचे तुकडे घेऊन काही ठिकाणी सशांना जादा अन्न दिले, तर एके ठिकाणी विजेच्या कुंपणाने लिंक्ससारखे प्राणी बाहेर ठेवले. शिखर व घसरणीच्या काळात भक्षक रोखल्याने सशांची घनता सुमारे दुप्पट झाली, अन्न दिल्याने तिप्पट आणि दोन्ही केल्यावर अकरापट. म्हणजे चक्रामागे केवळ लिंक्स नाही. अन्न आणि भक्षक यांचा तो एकत्रित परिणाम आहे. या संशोधकांनी घनता काढण्यासाठी लेंड्या मोजण्याची पद्धतही बसवली. शिकारी जी खूण पाहून फास लावीत, तीच आता मोजमापाचे साधन झाली.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे सशाची शिकार करता येत नाही. खुणा वाचायला मात्र कोणाची हरकत नाही. शाळेजवळच्या माळावर दोरीने सारखे चौकोन आखून मुलांकडून लेंड्या मोजून घ्याव्यात. झुडपांलगत एकदा आणि उघड्यावर एकदा. त्यानंतर तो आलेख फळ्यावर काढावा आणि विचारावे, यातला प्रत्येक ठिपका कोणी, कोठे आणि कशासाठी नोंदवला असेल? त्या ठिपक्यांमागे बर्फात फास लावणाऱ्या ज्या स्त्रिया होत्या, त्यांची नावे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाहीत. निदान त्यांचे ज्ञान आपल्या तासाला तरी सांगितले जावे.