ताई, तुम्ही कुणाकडे शिकता?

कांदिवलीत, चारकोपला मी कथक शिकवते. परवा एका विद्यार्थिनीनं विचारलं, "ताई, तुम्ही आता कुणाकडे शिकता?" मी गप्पच! कित्येक वर्षांत नवा तोडा शिकले नव्हते.

मग रोहिणी भाटे आठवल्या. १९४७ साली, ऐन विशीत, त्यांनी पुण्यात 'नृत्यभारती' सुरू केली. पण गुरू झाल्या म्हणून शिष्यपण सोडलं नाही. लच्छू महाराज, मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे त्या वर्षानुवर्षं शिकत राहिल्या. कथकपलीकडेही डोकावल्या: इझाडोरा डंकन या अमेरिकन नर्तिकेचं आत्मचरित्र त्यांनी मराठीत आणलं.

आता रविवारी मी दादरची लोकल पकडते, गुरूंच्या क्लासला मागच्या रांगेत उभी राहते. चक्कर चुकते, सम निसटते. मुलींवर किती पटकन चिडायचे, ते तिथे कळतं.