कँटरबरीहून आलेला शिक्का

कोर्टाच्या फाटकाबाहेर छत्रीखाली बसणाऱ्या नोटरीचे कूळ शोधू गेले, तर वाट इंग्लंडच्या आठव्या हेन्रीपर्यंत जाते. पोपशी त्याचे बिनसले आणि 1533 सालच्या कायद्याने पोपचे बरेच अधिकार कँटरबरीच्या आर्चबिशपकडे आले. नोटरी नेमण्याचा अधिकारही त्यात होता. पुढे इंग्रजी अमलात मुंबई-कलकत्त्याच्या नोटरींनाही सनद मिळे ती आर्चबिशपच्या 'मास्टर ऑफ फॅकल्टीज'कडून. धंदा फोर्टातला, सनद चर्चची!

गरज होती व्यापाऱ्यांना. परदेशी बिल कोणी नाकारले की नोटरी ते घेऊन पुन्हा त्याच्या दारी जाई, नकार ऐके, तारीख-कारण बिलावर टिपे आणि 'प्रोटेस्ट'चा दाखला देई. लंडनच्या पेढीला तेवढा कागद पुरे.

याच कामापुरते नोटरी सरकारलाही नेमता यावेत, म्हणून 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टमध्ये पुढे एक कलम आले. त्याचा क्रमांक 138. होय, चेक बाउन्सवाले! 1952 च्या नोटरी कायद्याने जुने कलम रद्द केले, क्रमांक मोकळा पडला आणि 1988 च्या दुरुस्तीने तिथे न वटलेला चेक आणून बसवला. नाकारलेल्या पैशाचा या क्रमांकाशी ऋणानुबंधच म्हणायचा.

नोटरी कायदा अमलात आला 1956 मध्ये, आणि विलायतेची सनद सुटली. आता नेमणूक केंद्र किंवा राज्य सरकार करते. उमेदवार वकील असेल तर सर्वसाधारणपणे दहा वर्षांची वकिली लागते. शिक्का पाच सेंटिमीटर व्यासाचा, प्रत्येक कामाची नोंद रजिस्टरात. प्रतिज्ञापत्र, मुखत्यारपत्र, खरी प्रत यांवर हा शिक्का चालतो. लोक मात्र त्याला फारच मोठा मानतात. 'नोटरीवर घेतलेला प्लॉट' गावोगावी सापडतो; पण नोंदणी न झालेल्या खरेदीने मालकी मिळत नाही, शिक्का कितीही ठसठशीत असो. नोटरीपुढे लग्न आणि घटस्फोटही उरकले जातात. हा नोटरीचा अधिकार नव्हे, असे केंद्रीय कायदा मंत्रालयाला 2024 मध्ये पुन्हा बजावावे लागले.

गोव्यातला जुना नोटरी वेगळ्याच कुळातला, पोर्तुगीज. तो नुसता साक्षांकन करत नसे. दस्त स्वतः लिही आणि मूळ प्रत आपल्या वहीत ठेवी. 2012 च्या गोवा वारसा कायद्याने ती पद्धत 'विशेष नोटरी'च्या रूपाने टिकवली. मृत्युपत्र किंवा वारसाचा दस्त आजही त्याच्यापुढे होतो, आणि जुन्या जमिनीचा मालक शोधणारा वकील आधी पोर्तुगीज जाणणारा माणूस गाठतो.